टूनाचा डबा म्हणजे मेलेला डॉल्फिन? थांबा जरा

हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. पण टूना पकडताना डॉल्फिन मरायची ती भानगड मुख्यतः पूर्व पॅसिफिक महासागरातली, तिथे यलोफिन टूना डॉल्फिनच्या खालून पोहतो. अमेरिकेतल्या सॅन डिएगोच्या बोटी आधी बांबूच्या गळानं एकेक मासा ओढायच्या, मग १९५०च्या दशकाच्या शेवटी नायलॉनची जाळी आणि ती ओढायला पॉवर ब्लॉक, म्हणजे यंत्रावर चालणारी कप्पी आली आणि हे लोक स्पीडबोटींनी डॉल्फिन हाकून सगळंच जाळ्यात घ्यायला लागले, लाखोंनी मेले बिचारे. १९७२चा सागरी सस्तन प्राणी वाचवणारा अमेरिकन कायदा, बोटीवर निरीक्षक, बोट मागे घेऊन जाळ्याची कड बुडवायची, डॉल्फिन वरून निसटतात, यामुळे मरणाऱ्या डॉल्फिनचा आकडा प्रचंड घसरला.

आणि डब्यात बहुतेक स्किपजॅक असतो, म्हणजे टूनाचीच एक लहान जात, त्याचं डॉल्फिनशी तसं नातं नाही. तो बऱ्याचदा तरंगत्या तराफ्यांखाली जमवून पकडतात, त्यात शार्क आणि बिगआय टूनाची पिल्लं सापडतात, त्याबद्दल मात्र कोणी फॉरवर्ड पाठवत नाही!