अर्ध्या मिलिसेकंदाची भेट

गोल्फच्या चेंडूवर काळ्या मार्करने एक जाडसर रेघ ओढा. चेंडू जमिनीवर असा ठेवा की ती रेघ क्लबच्या, म्हणजे चेंडू मारायच्या काठीच्या, समोर अगदी उभी येईल. मग नेहमीसारखा फटका मारा आणि चेंडू कुठे गेला ते बघायच्या आधी क्लब उचलून त्याचा फेस, म्हणजे चेंडूला भिडणारा भाग बघा. रेघेचा ठसा तिथे उमटलेला दिसेल. मी हा उद्योग माझ्या नऊ नंबरच्या आयर्नवर (धातूच्या पात्याचा, जवळच्या फटक्यांचा क्लब) केला तेव्हा ठसा तिरका निघाला. त्याचं वरचं टोक क्लबच्या बाहेरच्या टोकाकडे, गोल्फवाले ज्याला टो म्हणतात तिकडे झुकलेलं होतं. त्याआधी कित्येक महिने या क्लबने मारलेला चेंडू डावीकडे जायचा आणि मी मनगटाला बोल लावायचो. मनगट बिचारं निर्दोष होतं.

ठसा तिरका का आला हे कळायला क्लब आणि चेंडू एकमेकांना किती वेळ भेटतात तिथून सुरुवात करावी लागते. ही भेट साधारण अर्ध्या मिलिसेकंदाची. एका सेकंदाचे दोन हजार भाग केले तर त्यातला एक. ड्रायव्हर म्हणजे सर्वात लांब मारण्याचा क्लब. हौशी खेळाडूच्या ड्रायव्हरचं हेड, म्हणजे टोकाचा जड भाग, चेंडूपाशी पोचतं तेव्हा त्याचा वेग सेकंदाला ४० मीटरच्या आसपास असतो, म्हणजे दोघं एकमेकांना चिकटून जेमतेम दोन सेंटिमीटर जातात. तेवढ्यात ४६ ग्रॅमचा चेंडू चपटा होतो, पुन्हा फुगतो आणि सेकंदाला ६० मीटर वेगाने सुटतो. या वेळात त्याच्यावर पडणारा सरासरी जोर काढला तर तो साडेपाचशे-सहाशे किलो वजनाइतका भरतो.

आणि आपल्या हातांना याचा पत्ताच नसतो. हाताला बसलेला झटका मज्जातंतूंतून मेंदूपर्यंत पोचायला १० ते २० मिलिसेकंद लागतात. तोवर चेंडू मीटरभर पुढे निघून गेलेला असतो. ‘चेंडूला शेवटपर्यंत रेटत न्या’ हा सल्ला मैदानावर सर्रास ऐकू येतो. स्विंग, म्हणजे क्लब फिरवण्याची क्रिया, मध्येच आखडू नये म्हणून तो ठीक आहे, पण रेटायला वेळ आहे कुठे? १९६० च्या दशकात ब्रिटनमध्ये शास्त्रज्ञांच्या एका गटाने गोल्फचा कसून अभ्यास केला. त्यांनी एका ड्रायव्हरच्या दांड्याला हेडच्या जरा वर चक्क बिजागरी बसवली. बिजागरीतून हाताचा जोर पुढे जाणार कसा? तरीही चेंडू जवळपास नेहमीइतकाच लांब गेला. त्या क्षणी हेड म्हणजे जणू भिरकावलेला दगड असतो. त्याचा वेग किती, दिशा कोणती, फेस कुठे वळलेला आणि चेंडू फेसवर नेमका कुठे बसला, एवढ्यावर सगळा निकाल लागतो.

पैकी वेगाचं गणित सोपं आहे. ड्रायव्हरचं हेड साधारण २०० ग्रॅमचं असतं. फेस किती उसळी देऊ शकतो यावर नियमांनी मर्यादा घातली आहे, ती ०.८३. म्हणजे हेड १०० च्या वेगाने आलं तर टकरीनंतर चेंडू हेडपासून फार तर ८३ च्या वेगाने दूर जाणार. दोघांची वजनं धरून हिशोब मांडला की चेंडूचा वेग हेडच्या वेगाच्या दीडपटीला येऊन थांबतो. तोही फटका अगदी मधोमध बसला तर. जाहिराती दरवर्षी वाढीव अंतराचं आमिष दाखवतात, पण या दीडपटीच्या भिंतीपुढे कायदेशीर क्लबला जाता येत नाही. मधोमध न बसलेल्या फटक्यांचं नुकसान कमी करणं मात्र शक्य आहे, आणि गेल्या साठ वर्षांतली खरी प्रगती तिथेच झाली.

दोरीवरून चालणारा कसरतपटू हातात लांब काठी आडवी धरतो. वजन मध्यापासून दूर गेलं की वस्तू सहजासहजी गिरकी घेत नाही. जनरल इलेक्ट्रिकमध्ये इंजिनिअर असलेले कार्स्टन सोल्हाइम पटिंगमध्ये, म्हणजे चेंडू हळूच भोकात ढकलताना, सारखे चुकत. त्यांनी १९५९ मध्ये हेच तत्त्व पटरला, म्हणजे त्यासाठीच्या क्लबला, लावलं. मधलं धातू कमी करून ते दोन्ही टोकांना नेलं. चेंडू जरा बाजूला लागला तरी पटर हातात फिरेना. मारताना टणकन आवाज यायचा, त्यावरून ‘पिंग’ हे नाव पडलं. आजचे ४६० घनसेंटिमीटरचे, आतून पोकळ ड्रायव्हर याच विचाराची वाढलेली आवृत्ती आहेत.

ड्रायव्हरच्या फेसवर एक पट्टी आडवी टेकवून बघा. ती डुगडुगते, कारण फेस सपाट नसून किंचित फुगीर असतो. चेंडू टोच्या बाजूला लागला की हेड उघडं, म्हणजे उजवीकडे, फिरतं आणि दात्यांच्या दोन चाकांसारखं चेंडूला उलट्या बाजूने फिरवतं. त्या फिरकीने चेंडू डावीकडे वळतो. (इथे आणि पुढेही मी उजव्या हाताने खेळणाऱ्यांबद्दल बोलतोय, डावखुऱ्यांनी उलटं वाचावं.) फेस सपाट असता तर तो भलतीकडेच गेला असता. फुगवट्यामुळे चेंडू निघतानाच थोडा उजवीकडे निघतो आणि वळून मध्याकडे परत येतो. चूक सावरण्याची सोय अशी फेसच्या आकारातच केलेली आहे, मला तर ही सगळ्या खेळातली सर्वात हुशार युक्ती वाटते.

दिशेच्या बाबतीत मात्र पिढ्यानपिढ्या उलटं शिकवलं गेलं. समज असा होता की चेंडू स्विंगच्या दिशेने निघतो आणि फेस जिकडे बघतो तिकडे वळतो. डॉप्लर रडारवर चालणारी यंत्रं आली आणि ते खोटं ठरलं. ड्रायव्हरच्या फटक्यात सुरुवातीची दिशा सुमारे ८० ते ८५ टक्के फेसच ठरवतो. फेस आणि स्विंग यांच्या दिशांमध्ये जो फरक असेल तो पुढे वळणाच्या रूपात दिसतो. स्विंगच्या मानाने फेस उघडा, तर चेंडू उजवीकडे वाहवत जातो. हाच तो कुप्रसिद्ध स्लाइस. बिचारा खेळाडू काय करतो? चेंडू उजवीकडे जातोय म्हणून आणखी डावीकडे स्विंग करतो. फरक वाढतो, स्लाइसही वाढतो. औषधानेच आजार बळावतो म्हणतात तो हाच प्रकार.

हे वळण घडवून आणते ती हवा. एडिनबरोचे भौतिकशास्त्रज्ञ पीटर टेट यांनी १८९० च्या दशकात एक साधा प्रयोग केला. लांब फीत घेतली, तिचं एक टोक चेंडूला आणि दुसरं जमिनीला बांधलं, चेंडू मारला आणि नंतर फितीला पडलेले पीळ मोजले. चेंडू उलटा फिरत जातो हे त्यातून दिसलं. उलटी फिरकी मागची हवा खाली लोटते आणि चेंडूला वर उचलून धरते. फिरकीचा अक्ष कलला की हाच उचलणारा जोर बाजूला ओढतो आणि चेंडू वळतो. चेंडूवरचे खळगेही याच हवेसाठी. १८४८ नंतर गट्टापर्चाचे, म्हणजे झाडाच्या चिकापासून बनवलेले, गुळगुळीत चेंडू आले, तेव्हा खेळणाऱ्यांच्या लक्षात आलं की नव्या चेंडूपेक्षा ओरखडे पडलेला जुना चेंडू दूर जातो. विल्यम टेलर या इंग्रज उत्पादकाने १९०५ मध्ये खळग्यांच्या नक्षीचं पेटंट घेतलं. खळग्यांमुळे चेंडूला लगटून वाहणारी हवा खळबळते, मागपर्यंत चिकटून राहते आणि चेंडूला मागे ओढणारा विरोध जवळपास निम्म्यावर येतो.

अपोलो १४ मधून गेलेल्या अॅलन शेपर्ड यांनी फेब्रुवारी १९७१ मध्ये चंद्रावर दोन चेंडू मारले. माती गोळा करण्याच्या दांड्याला सहा नंबरच्या आयर्नचं हेड जोडून, अवजड पोशाखात, एका हाताने. तिथे हवा नाही, त्यामुळे चेंडूला तरंगणं नाही आणि स्लाइसही नाही. स्लाइसने गांजलेल्यांना एवढा एकच पक्का उपाय मला ठाऊक आहे.

पृथ्वीवर राहायचं तर क्लब आपल्या मापाचा करून घ्यावा. त्यात लॉफ्टकडे, म्हणजे फेस मागे किती कलला आहे याकडे, आधी बघावं. ज्याचा स्विंग मंद, त्याला जास्त लॉफ्ट हवा, नाहीतर चेंडूला उचलण्याइतकी फिरकीच मिळत नाही आणि तो लवकर खाली बसतो. तरीही नऊ अंशांचा ड्रायव्हर मिरवण्याची हौस काही जात नाही. शाफ्टच्या, म्हणजे क्लबच्या दांड्याच्या, ताठपणाचंही तसंच. त्यावर आर, एस, एक्स अशी अक्षरं असतात, पण त्यांना कुठलंच सामाईक प्रमाण नाही. एका कंपनीचा आर दुसऱ्या कंपनीच्या एसइतका ताठ निघू शकतो. तेव्हा अक्षर वाचून नाही, मारून बघून निवडावा. लांबीला नियमाने ४८ इंचांची मर्यादा आहे आणि २०२२ पासून मोठ्या स्पर्धांना ती ४६ वर आणण्याची मुभा आहे. लांब शाफ्टने वेग वाढतो खरा, पण चेंडू मधोमध बसणं अवघड होतं. बहुतेक हौशी खेळाडूंना इंचभर आखूड शाफ्ट जास्त मानवेल असं माझं मत आहे.

आता माझ्या तिरक्या ठशाकडे. शाफ्ट आणि जमीन यांच्यातल्या कोनाला लाय म्हणतात. तो उंचीला, हातांच्या लांबीला आणि उभं राहण्याच्या पद्धतीला जुळला नाही तर फटक्याच्या वेळी क्लबचं एक टोक वर उचललेलं राहतं. माझ्या क्लबचा टो वर राहत होता. फेस मागे कललेला असल्यामुळे टो वर गेला की फेस आपोआप डावीकडे बघायला लागतो. हे कितपत होतं ते लॉफ्टवर ठरतं. लायची चूक गुणिले लॉफ्टचा टॅन्जंट. नऊ नंबरचा लॉफ्ट ४२ अंश धरला तर टॅन्जंट ०.९ येतो. लाय दोन अंशांनी चुकली तर दिशा १.८ अंशांनी बिघडते आणि ११० मीटरवर चेंडू साडेतीन मीटर डावीकडे पडतो. वीस अंशांच्या लांब आयर्नमध्ये तीच चूक पाऊण अंशाहूनही कमी नडते. पटरचा लॉफ्ट जेमतेम तीन अंशांचा, तिथे ती जाणवतही नाही. छोट्या आयर्नने डावीकडे आणि मोठ्या आयर्नने सरळ, हे कोडं मला महिनोन्‌महिने सुटलं नव्हतं ते यामुळे.

दुरुस्ती करणाऱ्याने हेड शिकंज्यात पकडलं, शाफ्टच्या मुळाशी लोखंडी दांडा अडकवून एक दाब दिला, कोनमापक लावून बघितलं आणि पुन्हा जरासा दाब दिला. दोन अंश. पाच मिनिटांचंही काम नव्हतं. मी त्याच मार्करने नव्या चेंडूवर रेघ ओढली आणि मारला. ठसा सरळ उभा आला, फक्त फेसच्या मध्यापासून बोटभर आत, शाफ्टच्या बाजूला. ती चूक मात्र शिकंज्यात सुधारणारी नव्हती, त्यासाठी अजून चेंडूंची एक टोपली घ्यावी लागली.