स्लॉट कारची जुन्या धाटणीची, हातबांधणीची चेसिस

ट्रॅकमधल्या खाचेतून विजेवर धावणाऱ्या छोट्या शर्यतगाडीचा, १९६० च्या दशकातल्या रीतीने पितळ आणि पियानो वायर झाळून हाताने उभा केलेला सांगाडा. मोटर, गिअर, चाके आणि गाईड (खाचेत राहणारे पाते) विकत आणले तरी चालतात. सांगाडा मात्र सरळ तारेपासून आणि कोऱ्या पट्टीपासून बांधायचा असतो. किटमधले तयार भाग जोडणे यात मोडत नाही. प्रमाण बहुधा १/२४ किंवा १/३२ असते. विशिष्ट जुन्या गाडीची हुबेहूब प्रतिकृती ही वेगळी गोष्ट. जुन्या धाटणीत साहित्य आणि मांडणी त्या काळची ठेवून मापे बांधणारा स्वतः ठरवतो.

या गाड्यांना स्प्रिंगही नसतात आणि शॉक ॲब्सॉर्बरही. ते सगळे काम चेसिसच करते, म्हणून ती कुठे लवावी आणि कुठे अजिबात लवू नये हा बांधणीतला मुख्य प्रश्न. जितकी ताठ तितकी चांगली, असा नवख्याचा समज असतो. प्रत्यक्षात फार ताठ चेसिस वळणावर मागचे एक चाक उचलते आणि गाडी टणाटण उड्या मारत बाहेर जाते. फार लवचिक असेल तर वळणातून निघताना ती डुलत राहते. आजच्या अनेक घरगुती १/३२ गाड्यांत पोटाखाली चुंबक असते, ते ट्रॅकमधल्या लोखंडी पट्ट्यांकडे ओढले जाते आणि चेसिसचे पुष्कळ दोष झाकले जातात. जुन्या धाटणीत चुंबक नाही, त्यामुळे दोष झाकायलाही काही नाही.

पार्श्वभूमी : फ्रेड फ्रान्सिस यांच्या मिनिमॉडेल्स या ब्रिटिश कंपनीने १९५७ मध्ये स्केलेक्स्ट्रिक बाजारात आणले आणि विजेवरच्या गाड्यांची शर्यत घराघरांत पोचली. चेसिस बांधण्याचा नाद मात्र फोफावला तो अमेरिकेत. १९६० च्या दशकाच्या मध्यात तिथे आठ-आठ खाचांचे मोठे ट्रॅक तासांच्या भाड्यावर देणारी केंद्रे निघाली. कॉक्स, रेव्हेल, मोनोग्राम अशा कंपन्यांच्या तयार गाड्या होत्याच. पण जिंकायचे असेल तर स्वतः बांधावे, हे गंभीर खेळाडूंना लवकर उमगले. सुरुवातीला मॉडेल रेल्वेसाठी केलेल्या पिटमनच्या उघड्या मोटरी वापरात होत्या. मग जपानी माबुचीच्या डबाबंद मोटरी आल्या आणि चेसिस खाली, हलकी आणि वेगवान झाली. दशक संपेपर्यंत यातली बहुतेक केंद्रे बंद पडली, पण त्या काळातल्या चेसिसची रचना टिकून राहिली.

साहित्य : वजन पितळेचे, ताण पोलादाचा, असा साधा हिशेब. पितळेच्या पट्ट्या आणि नळ्या वजन खाली ठेवतात आणि डाग, म्हणजे कथलाचा सांधा, चटकन धरतात. पियानो वायर, म्हणजे उच्च कार्बनची कडक पोलादी तार, वाकवून सोडली की परत जागेवर येते. मुख्य दांड्यांसाठी साधारण १.२ ते १.६ मिमी जाडीची तार घेतात. तारेचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, त्यामुळे १.२ ऐवजी १.६ मिमीची तार लावली की दांडी तिप्पट ताठ होते. डोळ्याला जेमतेम दिसणारा हा फरक ट्रॅकवर पहिल्याच वळणात कळतो. म्हणूनच अनुभवी लोक एका जाड तारेऐवजी दोन-तीन बारीक तारा शेजारी शेजारी टाकतात आणि एखादी काढून किंवा वाढवून लवचीकपणा जुळवतात.

मोटरची मांडणी : मोटर गाडीच्या लांबीत बसवली की तिला इनलाइन म्हणतात; पिनियन, म्हणजे मोटरच्या दांडीवरचे छोटे दंतचक्र, ॲक्सलवरचा क्राउन गिअर काटकोनात फिरवते. यात मोटरची पीळ देणारी प्रतिक्रिया चेसिसच्या लांबीभोवती येते, त्यामुळे वेग घेताना मागचे एक चाक जास्त दाबले जाते आणि दुसरे हलके होते. साइडवाइंडरमध्ये मोटर ॲक्सलला समांतर असते. ही पीळ पुढे-मागे जाते आणि साधे गिअर लागतात, पण मोटरची सगळी लांबी गाडीच्या रुंदीत मावायला हवी. त्यावर दशकाच्या उत्तरार्धात निघालेली तोड म्हणजे अँगलवाइंडर : मोटर जराशी तिरकी, मागच्या रुंद टायरना जागा मोकळी. वेग हवा असेल तर अँगलवाइंडर निवडावी. पण जुनी धाटणी म्हणजे काय हे समजून घ्यायचे तर पहिली चेसिस इनलाइनच बांधावी, कारण तिचे दोष लपत नाहीत.

बांधणी : आधी माप. फेरारी २५० जीटीओ या खऱ्या गाडीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधले अंतर, २,४०० मिमी. म्हणजे १/२४ मध्ये १०० मिमी आणि १/३२ मध्ये ७५ मिमी. हे माप जिगवर घेतात. जिग म्हणजे सपाट ठोकळा. त्यावर खुंट्या लावून ॲक्सल आणि दांड्या जागेवर धरता येतात. काम मागून सुरू होते. मोटर ब्रॅकेटमध्ये मागच्या ॲक्सलचे बुश (ॲक्सल ज्यांत फिरतो त्या छोट्या नळ्या) बसवताना खऱ्या ॲक्सलऐवजी लांब सरळ सळई ओवतात, कारण बारीकसा तिरकेपणाही लांब सळईच्या टोकाला ठळक दिसतो. सळई बोटाने गरकन फिरली पाहिजे. ती अडत असेल तर पुढे जाण्यात अर्थ नाही.

तार कापायला साधी पक्कड वापरू नये. कडक तार पकडीचे पाते दातरते आणि तुकडा गोळीसारखा उडतो. घासणारी चकती घ्यावी, डोळ्यांवर चष्मा हवाच. तार गार असतानाच वाकवायची आणि ती थोडी परत येणार हे धरून जरा जास्तच वाकवायची. दांडी जिगवर आपसूक बसली पाहिजे. ओढूनताणून बसवलेली दांडी डागात ताण धरून राहते आणि पहिल्या धडकेला अख्खी चेसिस पिळवटते. हातबांधणीच्या चेसिस बिघडतात त्या बहुतेक इथे, पण दोष दिला जातो डागाला.

डाग देण्याआधी तार एमरी पेपरने चकचकीत होईपर्यंत घासतात. इलेक्ट्रॉनिक्सच्या कामातला राळेचा फ्लक्स (धातू स्वच्छ करून कथील धरायला लावणारे द्रव्य) पोलादावर कमी पडतो, तिथे आम्लाचा फ्लक्स लागतो. सांध्याला बारीक तांब्याची तार गुंडाळून मग डाग देणे ही जुनी खास पद्धत. कथील त्या वेटोळ्यांत शोषले जाते आणि सांधा धक्का सोसतो. डाग देण्याचे आयर्न ताकदीचे हवे, कारण पितळ उष्णता झपाट्याने पसरवते : लहान आयर्न बराच वेळ टेकवले की हवा तो सांधा वितळत नाही आणि शेजारचा सुटतो. त्यावर उपाय म्हणजे आधीचे सांधे २२१ अंश सेल्सिअसला वितळणाऱ्या कथील-चांदीच्या मिश्रधातूने आणि नंतरचे १८३ अंशांच्या कथील-शिशाच्या मिश्रधातूने करायचे. काम झाल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने चेसिस घासून धुवावी. मागे राहिलेला आम्लाचा फ्लक्स एका रात्रीत तारेवर गंज चढवतो.

पुढच्या टोकाला गाईड. हे खाचेत राहणारे पाते. त्याच्या दोन बाजूंच्या तांब्याच्या विणलेल्या पट्ट्या ट्रॅकवरून वीज उचलतात. गाईड थेट चेसिसला न जोडता ड्रॉप आर्मवर बसवणे हे त्या दशकाचे वैशिष्ट्य. पितळी नळीत फिरणाऱ्या तारेच्या बिजागरीवर हा हात थोडासाच खाली पडतो, म्हणजे चेसिस उचलली गेली तरी पाते खाचेत राहते. हात जास्त पडू दिला तर पाते खाचेच्या तळाला घासते, म्हणून खालून एक तार आडवी टाकून त्याला अडवतात. पुढे बाजूच्या पितळी पट्ट्याही सैल बिजागरीवर टांगू लागले. गाडी उचलल्यावर त्या खडखडतात आणि काम अर्धवट वाटते, पण तीच खडखड मागच्या चाकांची थरथर गिळते.

जुळवणी : तयार चेसिस चाकांसकट जाड काचेवर ठेवून कोपरे एकेक करून दाबतात, कुठे टकटक झाली तर पीळ आहे. ती हाताने हळूहळू काढता येते, ओढून नव्हे. पिनियन आणि गिअरच्या दात्यांमध्ये साध्या कागदाची पट्टी घालून मोटर घट्ट करायची आणि मग पट्टी काढून घ्यायची. राहते तेवढी फट पुरेशी. गाडी वळणात मागून घसरत असेल तर शिशाचा तुकडा लगेच मागे डकवू नये. आधी टायर, मग पीळ, मग ड्रॉप आर्म तपासावा, आणि वजनाकडे सगळ्यात शेवटी वळावे. बॉडी बाजूच्या नळ्यांत टाचण्या खुपसून अडकवतात, आणि ती टाचण्यांवर किंचित हलती ठेवलेली बरी. घट्ट आवळलेली बॉडी चेसिसला लवूच देत नाही.