ट्रायको हाकेला लगेच का येत नाही?

परवा भाचा कोल्हापुरात शिवाजी पेठेत आमच्याकडं राहायला आला होता, त्याला द लास्ट गार्डियन हा व्हिडिओ गेम लावून दिला. एक लहान पोरगा आणि ट्रायको नावाचं पिसांचं अवाढव्य जनावर, दोघंच एका पडक्या वास्तूतून बाहेर पडायची वाट शोधतायत. भाचा हाकेचं बटण दाबून दमला आणि ट्रायको आपला भलतीकडंच बघतोय. "मामा, हे बिघडलंय काय?" बिघडलं नाही रे, मुद्दाम तसं केलंय, आणि त्यामागं वीस वर्षं आहेत.

१९९६ ला जपानात बांदाईनं तमागोची काढलं, अंड्याएवढं खेळणं, तीन बटणं, आतल्या जिवाला वेळेवर खायला घातलं नाही की तो मरायचा, पोरं ते शाळेत न्यायला लागली तशी बऱ्याच शाळांनी बंदी घातली. त्याच वर्षी पोकेमॉन हा प्राणी पकडायचा गेम आला, पण तिथं पकडलेले प्राणी बॉलमध्ये बंद. १९९८ च्या त्याच्या यलो व्हर्जनमध्ये मात्र पिकाचू नावाचा प्राणी बॉलमध्ये जायचाच नाही, मागं मागं चालायचा, वळून बोललं की खूश आहे का रुसलाय ते तोंडावर दिसायचं. मला विचाराल तर खरी गंमत इथं सुरू झाली, जनावराला स्वतःचं मन आलं.

मग २००५ ला निन्टेंडॉग्ज हा कुत्रा पाळायचा गेम, त्यात माइकमध्ये नाव घेऊन कुत्र्याला बोलवायचं. आणि त्याच वर्षी गेम बनवणारे फुमितो उएदा यांचा शॅडो ऑफ द कोलोसस, त्यातला अॅग्रो घोडा लगाम ओढला तरी कधी कधी स्वतःच्याच चालीनं जातो. ट्रायको त्यांचाच. काम २००७ ला सुरू झालं, प्लेस्टेशन ३ या गेम खेळायच्या मशीनसाठी, २००९ ला जाहीर झाला आणि हातात आला डिसेंबर २०१६ ला, तोही प्लेस्टेशन ४ वर. एवढी वर्षं थांबलो त्याचं सोनं झालं असं मी मनापासून म्हणतो.

आपल्याकडं दिवाळी पाडव्याला सजवलेल्या म्हशी मालकाच्या गाडीमागं पळतात ना, ती म्हैस दुसऱ्या कुणाच्या हाकेला मान पण वळवत नाही, त्यामागं वर्षभराचं वैरण-पाणी असतं. ट्रायकोचं पण तसंच, खायला घाला, थोपटा, मग हळूहळू ऐकायला लागतो.

मारामारी झाली की त्याच्या अंगात भाले रुततात, पाठीवर चढून एकेक उपसून काढायचे. शेवटचा भाला निघाला तरी तो थरथरत होता. भाच्यानं बटण बडवायचं सोडलं आणि पिसांवरनं हात फिरवत राहिला, पुढची वाट मोकळी होती तरी गेला नाही.