कानाल द्यू मिदीवरील बार्जप्रवास

कालवा म्हटले की मराठी वाचकाला पाटाचे पाणी, उसाचे मळे आणि पाणीपट्टी आठवते. फ्रान्सच्या दक्षिणेतील कानाल द्यू मिदी हा कालवा मात्र बोटींसाठी खोदलेला आहे. तुलूझपासून सेत बंदराजवळच्या खाऱ्या सरोवरापर्यंत तो सुमारे 240 किलोमीटर वाहतो. त्यावरून बार्जने, म्हणजे सपाट बुडाच्या लांब बोटीने, किंवा भाड्याच्या छोट्या बोटीने संथपणे जात, काठच्या गावांत मुक्काम करीत केलेला प्रवास आज जगभरच्या पर्यटकांना खेचून आणतो. 1996 साली युनेस्कोने कालव्याला जागतिक वारसा स्थळाचा दर्जा दिला.

तुलूझपासून गारोन नदी अटलांटिककडे जाते. तिला भूमध्य समुद्राशी जोडले, तर स्पेनला जिब्राल्टरवरून घालावा लागणारा वळसा वाचेल, हा विचार जुना होता. घोडे अडत होते ते पाण्यापाशी. मधला नोरूझचा उंचवटा समुद्रसपाटीपासून सुमारे 190 मीटरवर, आणि तिथून दोन्ही बाजूंना बोटी उतरवायच्या तर पाणी माथ्यावरच पोहोचायला हवे. हा पेच सोडवणारा पिएर-पॉल रिके हा बेझिये गावचा, मिठावरचा कर गोळा करणारा माणूस. शिकलेला अभियंता नव्हे. मोंतान्य न्वार डोंगरातले ओढे अडवून, सें-फेरेओल येथे मोठे धरण बांधून, ते पाणी चराने नोरूझला आणायचे, ही त्याची योजना. चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याने ती उचलून धरली, 1666 मध्ये राजाज्ञा निघाली आणि हजारो मजूर कामाला लागले. त्यांत स्त्रियाही मोठ्या संख्येने होत्या, हे आवर्जून सांगायला हवे. रिकेने घरचा पैसाही या कामात ओतला. 1681 मध्ये कालवा खुला झाला, पण तो सोहळा पाहायला रिके उरला नव्हता. आदल्याच वर्षी, काम संपत आलेले असताना, तो वारला.

या प्रवासाचा खरा अनुभव जलपाशात, म्हणजे लॉकमध्ये येतो. बोट दोन दरवाजांमधल्या दगडी हौदात शिरते, मागचा दरवाजा मिटतो. एक जण काठावर उडी मारून दोर खुंटाला वेढा देऊन धरतो, कारण गाठ मारली तर पाणी उतरताना बोट दोरावर लटकेल. झडपा उघडल्या की वर चढणाऱ्या बोटीखाली पाणी उसळते, दोर ताणला जातो आणि तो इंच इंच आवळून घ्यावा लागतो. थोड्या वेळापूर्वी शेवाळलेली ओली भिंत डोळ्यांसमोर होती, तिथे आता लॉकवाल्याचे घर आणि दारातल्या फुलांच्या कुंड्या दिसू लागतात. इथले हौद मधे फुगीर, लंबगोल आहेत. सुरुवातीला सरळ भिंतीचा एक हौद मातीच्या दाबाने कोसळला, तेव्हा रिकेने भिंतींना कमानीसारखा बाक दिला. फ्रान्सच्या इतर कालव्यांवर रुळलेली 38.5 मीटर लांबीची मालवाहू पेनिश बोट यांतल्या बहुतेक हौदांत मावत नाही.

मुक्कामांची रीत पर्यटनाने आणलेली नाही. घोड्यांनी ओढलेली टपालबोट पूर्वी तुलूझहून निघून सुमारे चार दिवसांत समुद्राकडे पोहोचे. दुपारच्या जेवणाचे थांबे आणि रात्रीच्या वस्तीचे थांबे ठरलेले असत. ल सोमाय हे असेच वस्तीचे ठिकाण. उंच कमानीचा पूल, त्याला चिकटून चॅपेल, शेजारी खाणावळ आणि बर्फ साठवण्याचे घर, एवढ्यावर ते गाव उभे राहिले. जिथे हौद ओळीने लागत, तिथे प्रवासी उतरून चालत पुढच्या बोटीत बसत. त्यात वेळही वाचे आणि पाणीही. पुढे रेल्वे आली आणि टपालबोट गेली. मालवाहतूक विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आटली.

गावांचे नशीबही कालव्याने ठरवले. कास्तेलनोदारीने पैसे मोजून कालवा आपल्याकडे वळवून घेतला. तिथले सात हेक्टरांचे प्रशस्त पाणी आजही बोटींचा मोठा तळ आहे. रात्री नांगरून गावात जावे आणि कासुले खावे: पांढरा घेवडा, बदक, डुकराचे मांस आणि सॉसेज मातीच्या पसरट भांड्यात तासन्‌तास शिजवलेले. त्या ‘कासोल’ नावाच्या भांड्यावरूनच पदार्थाला नाव पडले. उलट कार्कासोनने खर्च नाकारला, आणि तटबंदीचे ते देखणे शहर 1810 पर्यंत कालव्याबाहेर राहिले.

बेझियेच्या अलीकडे 54 किलोमीटरचा टप्पा एकाही लॉकविना जातो. या टप्प्यात मालपाचा 165 मीटरचा बोगदा लागतो. त्यानंतर फोंसेरानचा जिना: एकाखाली एक हौदांची माळ, साडेएकवीस मीटरचा उतार. चढणाऱ्या आणि उतरणाऱ्या बोटींच्या वेळा वेगळ्या असल्याने इथे रांग लावावी लागते.

भाड्याची बोट चालवायला परवाना लागत नाही, निघताना थोडे शिकवले की पुरते. वेगमर्यादा ताशी आठ किलोमीटर. रात्री बोट हाकता येत नाही आणि दुपारी जेवणाच्या सुट्टीत लॉक बंद असतात, त्यामुळे घड्याळ लॉकवाल्याचे पाळावे लागते.

या कालव्याची सावली म्हणजे काठचे प्लेन, म्हणजे चिनारच्या कुळातले, वृक्ष. एकेकाळी ते सुमारे 42,000 होते. 2006 मध्ये त्यांच्यावर बुरशीचा घातक रोग आढळला. दुसऱ्या महायुद्धात लाकडी पेट्यांतून युरोपात आलेली ही बुरशी खरचटलेल्या मुळांतून आणि सालीतून झाडात शिरते. त्यावर इलाज नाही. निम्म्याहून अधिक झाडे तोडून जाळावी लागली आणि काही पट्टे उघडेबोडके पडले. आता तुर्की ओकसह वेगवेगळ्या जातींची रोपे लावली जात आहेत. दोर झाडाला बांधायला मनाई आहे. म्हणून संध्याकाळी काठाला लागताना लोखंडी खुंट्या आणि हातोडा घेऊन उतरावे लागते.