पुण्यात १८८० साली खासगी शाळा काढायची तर: पात्रता, कागद आणि ग्रँटचा अर्ज

शाळेची शंभरी-सव्वाशेवी आली की स्मरणिका समिती बसते आणि पहिल्याच बैठकीत कुणीतरी विचारतं, "आपल्या शाळेला सरकारी परवानगी कधी मिळाली?" मग कपाटं उपसली जातात, ट्रंका उघडल्या जातात. कागद सापडला नाही की 'कालौघात गहाळ' असं लिहून समिती चहाला उठते. शाळा व्हिक्टोरिया राणीच्या काळातली असेल तर ही शोधाशोध केली नाही तरी चालेल. असा कागद बहुधा निघालाच नव्हता. त्या काळी शाळा काढायला परवाना लागत नसे, मुलं लागत.

बाकीचे कागद होते, पण ते वेगवेगळ्या खिडक्यांवरचे. संस्थेची नोंदणी एकीकडे, सरकारी ग्रँट दुसरीकडे, मॅट्रिकची परीक्षा तिसरीकडे. आज आपण हे सगळं 'मान्यता' या एका शब्दात कोंबतो आणि तिथेच घोळ होतो. पुण्याचं उदाहरण धरून एकेक खिडकी पाहू.

शाळा कोण काढू शकत होतं?

कुणीही. ओसरीवर चार मुलं बसवणारे पंतोजी, कचेरीतून परतल्यावर इंग्रजीची शिकवणी घेणारा कारकून, मिशनरी, नाहीतर नुकताच पदवी घेऊन बाहेर पडलेला तरुण. १८८० च्या जानेवारीत न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं तेव्हा विष्णुशास्त्री चिपळूणकर २९ वर्षांचे होते. सरकारी शाळेतली नोकरी त्यांनी नुकतीच सोडली होती. टिळक २३ वर्षांचे, एलएल.बी. झालेले. जोडीला महादेव बल्लाळ नामजोशी. वामन शिवराम आपटे मागाहून आले, आगरकर एम.ए. उरकून १८८१ मध्ये. यातल्या कुणालाही 'मला शाळा काढू द्या' असा अर्ज कुठे द्यावा लागला नाही.

खरी अडचण होती पटाची. शहरात सरकारी हायस्कूल होतं, मिशनच्या शाळा होत्या, वामनराव भाव्यांची पूना नेटिव्ह इन्स्टिट्यूशन होती. नव्या शाळेला मुलं मिळवायची ती यांच्याच वर्गांतून, नाहीतर कोकणातून आणि देशावरून वार लावून, माधुकरी मागून शिकायला आलेल्या पोरांतून. पोरगा मंगळवारी कुणाकडे जेवतो आणि गुरुवारी कुणाकडे, यावर त्याची शाळा कुठली हेही पुष्कळदा ठरत असणार. सात घरं जवळच्या पेठांतली असली तर लांबची शाळा त्याला परवडायची नाही.

शिकवणीवाल्यांना आणखी एक सवलत होती. मुंबई विद्यापीठ १८५७ चं, त्याची पहिली मॅट्रिक १८५९ ची. या परीक्षेला खासगी अभ्यास करूनही बसता येत असे. म्हणजे घरी शिकवून तयार केलेला मुलगा थेट विद्यापीठाच्या परीक्षेला धाडायला मास्तरांना आडकाठी नव्हती. आजच्या भाषेत बोलायचं तर सतरा नंबरचा फॉर्म, फक्त तो भरून घेणारी शाळाही मध्ये नाही.

ग्रँटसाठी पात्रता

दुसऱ्या खिडकीवर मात्र अटी सुरू होतात. सरकारी अनुदानाचं मूळ १८५४ च्या वुडच्या खलित्यात, म्हणजे हिंदुस्थानातल्या शिक्षणाचं धोरण ठरवणाऱ्या सरकारी पत्रात आहे. हा खलिता कंपनी सरकारच्या काळातला, पण पुढची सगळी नियमावली त्यावरच उभी राहिली. त्यातल्या अटी आज वाचल्या तरी ओळखीच्या वाटतात.

शाळेत चांगलं लौकिक शिक्षण मिळालं पाहिजे. धर्मशिक्षण शाळा देते की नाही, कुठलं देते, यात सरकार लक्ष घालणार नाही. मिशनच्या शाळांना अनुदान मिळायचं ते याच वाटेनं. शाळेच्या मागे जबाबदार स्थानिक व्यवस्थापन हवं: आश्रयदाते, वर्गणीदार किंवा विश्वस्त, एक किंवा अनेक, पण शाळा अमुक काळ चालेल याची हमी देणारे. सरकारी तपासणी मान्य असली पाहिजे.

आणि शेवटची अट, जिच्याकडे लोक दुर्लक्ष करतात: मुलांकडून फी घेतलीच पाहिजे, कितीही थोडी का असेना. शिक्षक तयार करणाऱ्या नॉर्मल स्कूलांना यातून सूट होती, बाकी कुणाला नाही. फुकट मिळालेल्या शिक्षणाची किंमत राहत नाही, असा खलित्याचा युक्तिवाद. म्हणजे पदरमोड करून गरिबांची पोरं सरसकट फुकट शिकवणारा माणूस ग्रँटला अपात्र ठरायचा. मला ही अट कायम खटकत आली आहे.

अर्ज कुठे, कागद कोणते?

मुंबई इलाख्याचं शिक्षणखातं १८५५ चं. वर डायरेक्टर ऑफ पब्लिक इन्स्ट्रक्शन, खाली विभागांचे इन्स्पेक्टर, त्यांच्या हाताखाली डेप्युटी. डायरेक्टरांची कचेरी पुण्यातच, त्यामुळे पुणेकर शाळाचालकाला निदान टपालखर्च तरी वाचायचा. गावोगावच्या मास्तरांचा संबंध यायचा तो डेप्युटीशी. डेप्युटी येणार म्हटल्यावर वर्ग सारवून काढणं, पोरांना टोप्या घालून बसवणं हा प्रकार कित्येकांच्या पणजोबांच्या आठवणीत आहे.

कागदांची यादी अटींमधूनच निघते. व्यवस्थापन हवं म्हणून चालकांची नावं. फी हवी म्हणून फीची वही. हिशेब दाखवायचा म्हणून जमाखर्च. शिक्षकांची नावं आणि पगार. पण सगळ्यांत मोलाचा कागद म्हणजे हजेरीचा कॅटलॉग. हा शब्द आपल्या शाळांत अजून टिकून आहे. "कॅटलॉग घेऊन ये" म्हटलं की पोरगं शिक्षकांच्या खोलीकडे पळतं. मी पाहिलेल्या एका जुन्या कॅटलॉगात शाई तपकिरी झाली होती आणि महिन्याच्या शेवटच्या रकान्यात प्रत्येक मुलाच्या हजर दिवसांची बेरीज दोनदा तपासून खाली सही केली होती. इतकी काळजी कशासाठी, ते पुढे कळेल.

पैसे निकालावर

मुंबई इलाख्यात १८६५-६६ पासून 'निकालावर ग्रँट' अशी पद्धत आली. इंग्लंडात १८६२ च्या नियमावलीनं जे सुरू झालं होतं त्याचाच हा भाऊबंद. रीत अशी: शाळेनं आपलं नाव तपासणीसाठी नोंदवायचं. वर्षाकाठी इन्स्पेक्टर किंवा त्याचा माणूस येऊन इयत्तावार एकेका मुलाची परीक्षा घ्यायचा. वाचन, लेखन, गणित अशा एकेका विषयात पास झालेल्या मुलामागे ठरलेली रक्कम. मग बेरीज, मग बिल.

त्यामुळे प्रत्येक मुलाला रुपये-आण्यांत किंमत आली. परीक्षेच्या दिवशी तापानं घरी राहिलेला हुशार मुलगा म्हणजे शाळेचं थेट नुकसान. कच्चा मुलगा वर चढवला तर तो नापास होणार, मग त्याला खालच्याच इयत्तेत ठेवून तिथे पास करून घेणं फायद्याचं. आणि पैसे मिळायचे ते वर्ष संपल्यावर. तोवर वाड्याचं भाडं, मास्तरांचा पगार, बाकं, नकाशे हे सगळं चालकाच्या खिशातून. ज्याच्याकडे आधीच मुलं आणि भांडवल आहे त्यालाच पेलेल अशी ही योजना होती.

हे सगळ्यांत स्पष्ट बोलून दाखवलं जोतीराव फुल्यांनी. १८८२ मध्ये शिक्षणाची पाहणी करणारा सरकारी हंटर आयोग आला तेव्हा त्यांनी १९ ऑक्टोबरचं निवेदन दिलं. त्यात त्यांचं म्हणणं असं की, ज्या समाजात शिक्षणाची गोडी अजून लागलेली नाही तिथे निकालावर पैसे देण्याची पद्धत चालणार नाही. तिथे कुणी शिक्षक स्वतःच्या जबाबदारीवर शाळा काढायला धजणार नाही, कारण पोट भरेल इतकी मुलंच त्याला मिळणार नाहीत. १८४८ पासून मुलं आणि मुली गोळा करण्याचा अनुभव असलेल्या माणसाचं हे वाक्य आहे. खासगी अभ्यासाची मॅट्रिकला असलेली सवलत बी.ए., एम.ए. लाही द्यावी, ही मागणीही त्याच निवेदनात आहे.

ग्रँट न घेता

ग्रँट सक्तीची नव्हती. न्यू इंग्लिश स्कूलनं सुरुवातीची वर्षं सरकारी पैशाविना काढली, आणि पट पाच वर्षांत हजाराच्या घरात गेला. मुलं आली ती दोन गोष्टींमुळे असं मला वाटतं. एक, वर्तमानपत्रं. 'ज्ञानप्रकाश' १८४९ पासून पुण्यात निघत होताच, पण १८८१ च्या जानेवारीत 'केसरी' आणि 'मराठा' सुरू झाल्यावर शाळा चालवणाऱ्या मंडळींच्या हाती स्वतःचाच छापखाना आणि वाचक आले. दुसरी, मॅट्रिकचा निकाल. संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती शाळेच्या मुलानं पटकावली की वेगळ्या जाहिरातीची गरज उरत नसे.

हंटर स्वतः १८८२ च्या सप्टेंबरमध्ये शाळा पाहून गेले आणि सरकारी मदतीशिवाय चाललेली अशी संस्था हिंदुस्थानात दुसरी पाहिली नाही, अशा अर्थाचा शेरा देऊन गेले. त्या दिवशी शाळेचे दोन चालक, टिळक आणि आगरकर, कोल्हापूर प्रकरणात, म्हणजे तिथल्या दिवाणांच्या बदनामीच्या खटल्यात शिक्षा होऊन, मुंबईच्या डोंगरी तुरुंगात होते. चिपळूणकर मार्चमध्येच वारले होते. शाळा सांभाळत होते आपटे.

संस्थेची नोंदणी

एकट्या-दुकट्याच्या शाळेला याची गरज नव्हती. पण चालक गेला की शाळा कुणाची, वाडा कुणाचा, हे भांडण टाळायचं तर १८६० चा २१ वा कायदा, म्हणजे सोसायट्यांच्या नोंदणीचा कायदा, हाताशी होता. पात्रता: निदान सात माणसं. कागद दोन. संस्थेचं नाव, उद्देश आणि नियामक मंडळाची नावं, पत्ते, व्यवसाय सांगणारं मेमोरँडम. आणि मंडळाच्या निदान तिघांनी खरी म्हणून सही केलेली नियमांची प्रत. अर्ज जॉइंट स्टॉक कंपन्यांच्या रजिस्ट्रारकडे. फी ५० रुपये.

ही रक्कम किती मोठी, त्याचा अंदाज घ्यायचा तर २४ ऑक्टोबर १८८४ ला स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीत आजीव सदस्याचा महिन्याचा पगार ७५ रुपये होता.

नोंदणीनंतर दर वर्षी मंडळाची यादी रजिस्ट्रारकडे पाठवायची. संस्था मोडायची तर तीन-पंचमांश सदस्यांची संमती हवी, आणि देणी फिटून काही उरलं तर ते सदस्यांनी वाटून घ्यायचं नाही. कायद्यात आणखी एक सोय होती: एक रुपया भरून कुणीही हे कागद पाहू शकत असे, आणि नक्कल हवी तर शंभर शब्दांना दोन आणे.

मान्यता हा शब्द आला कुठून?

तो उशिराचा. १९०४ च्या विद्यापीठ कायद्यानंतर मॅट्रिकला मुलं बसवणाऱ्या शाळांना विद्यापीठाची मान्यता घेणं भाग पडू लागलं. त्याआधी स्थापन झालेल्या शाळेच्या इतिहासात मान्यतेची तारीख विसाव्या शतकातली दिसली तर दचकू नका, आणि स्थापनेचं साल पुढे ढकलू नका.

समितीनं शोध कुठून सुरू करावा? आधी जुना कॅटलॉग आणि फीची वही. शाळा खरोखर कधी भरू लागली ते तिथे कळेल. मग त्या काळच्या स्थानिक वर्तमानपत्रांचे डिसेंबर-जानेवारीचे अंक, कारण न्यू इंग्लिश स्कूलसारख्या शाळा जानेवारीत भरू लागत आणि मुलं हवीत अशी जाहिरात त्याच्या आसपास सापडण्याची शक्यता जास्त. ग्रँट घेतली असेल तर शिक्षणखात्याच्या वार्षिक अहवालात शाळेचा उल्लेख मिळू शकतो. आणि कार्यालयाच्या भिंतीवर फ्रेम करून लावलेलं नोंदणी प्रमाणपत्र एकदा खाली उतरवून नीट वाचा. वरच्या ओळीत बहुधा १८६० चा तोच २१ वा कायदा छापलेला असेल.