एकहाती वेब सॉफ्टवेअर आणि मोनोलिथ रचना

एकहाती वेब सॉफ्टवेअर : एकाच माणसाने लिहिलेली, चालवलेली आणि सांभाळलेली वेब सेवा. असे काम बहुतेक वेळा मोनोलिथ, म्हणजे एकसंध रचनेत केले जाते. लॉगिन, शोध, पैसे घेणे, ईमेल धाडणे, व्यवस्थापकाची पाने हे सारे एकाच कोडमध्ये असते, एकदमच सर्व्हरवर चढते आणि एकाच डेटाबेसवर चालते. मायक्रोसर्व्हिस रचनेत यांतल्या प्रत्येक कामासाठी स्वतंत्र प्रोग्रॅम असतो आणि ते नेटवर्कवरून एकमेकांना निरोप पाठवतात. जेम्स लुइस आणि मार्टिन फाउलर या सॉफ्टवेअर तज्ज्ञांच्या २०१४ मधल्या लेखानंतर ही दुसरी रचना गाजली. नवे काम मोनोलिथनेच सुरू करावे, असे फाउलर यांनीच पुढच्या वर्षी लिहिले. ते मात्र तितके वाचले गेले नाही.

कार्यपद्धती : ब्राउझरची विनंती आधी एनजिनएक्ससारख्या वेब सर्व्हरकडे येते. चित्रे आणि स्टाइलच्या फायली तो स्वतः देतो, बाकीच्या विनंत्या मागच्या प्रोग्रॅमकडे सोपवतो. प्रोग्रॅम पत्ता पाहून योग्य ते फंक्शन चालवतो, फंक्शन डेटाबेसमधून माहिती काढते, ती टेम्प्लेटमध्ये, म्हणजे पानाच्या साच्यात, भरली की पान तयार. पीएचपी ही भाषा (१९९५) आणि रुबी ऑन रेल्स (२००४), जँगो (२००५), लारावेल (२०११) ही फ्रेमवर्क, म्हणजे वेब कामाचे तयार सांगाडे, या सगळ्यांचा गाभा एवढाच आहे. यांतली दोन फ्रेमवर्क चालत्या कामातूनच बाहेर काढलेली आहेत. रेल्स हे डेव्हिड हायनेमायर हॅन्सन यांनी बेसकॅम्प ही कामांचे नियोजन करणारी सेवा बांधताना घडले, तर जँगो अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावच्या एका वृत्तपत्राच्या कचेरीत. बातमी छापायला जाण्याआधी पान तयार हवे, अशी तिथली घाई होती.

एकसंध रचनेचा सर्वांत मोठा फायदा डेटाबेसच्या ट्रान्झॅक्शनमध्ये आहे. ग्राहकाने पुस्तक मागवले, तर मागणी नोंदवायची, साठ्यातून एक प्रत वजा करायची आणि बिल तयार करायचे, अशी तीन कामे होतात. एकच डेटाबेस असेल तर ती एका ट्रान्झॅक्शनमध्ये बसतात. मध्येच वीज गेली तरी तिन्ही होतात किंवा एकही होत नाही. हीच कामे तीन सेवांत वाटली की साठा कमी झाला पण बिल निघालेच नाही, अशी अवस्था शक्य होते. ती निस्तरायला उलट नोंदी, पुनःप्रयत्न, निरोप दोनदा आला तर काय करायचे याचे नियम, असा बराच कोड लिहावा लागतो. मोठ्या कंपनीत त्यासाठी वेगळी टीम असते. एकट्या माणसाचे त्यात महिने जातात आणि ग्राहकाला त्यातले काहीच दिसत नाही.

चूक शोधतानाही हेच. एका प्रोग्रॅममधली चूक एका लॉगमध्ये (प्रोग्रॅमच्या नोंदवहीत), ओळीच्या क्रमांकासह मिळते. शिवाय प्रोग्रॅमच्या आतले फंक्शन बोलावायला सेकंदाचा अगदी नगण्य अंश लागतो, तर एकाच डेटा सेंटरमधल्या शेजारच्या सर्व्हरला विचारून यायला साधारण अर्धी मिलिसेकंद जाते. एका पानासाठी अशा शंभर फेऱ्या एकामागून एक झाल्या, तर पन्नास मिलिसेकंद नुसत्या वाटेतच जातात.

कॉनवेचा नियम : मेल्व्हिन कॉनवे यांनी १९६८ मध्ये एक निरीक्षण मांडले होते. कोणतीही संस्था जी यंत्रणा घडवते, तिची रचना त्या संस्थेतल्या संवादाच्या रचनेसारखीच होते. मायक्रोसर्व्हिसचे खरे कारण इथे सापडते. शेकडो अभियंत्यांनी एकमेकांची वाट न पाहता आपापला भाग बदलता यावा म्हणून सेवांच्या सीमा आखल्या गेल्या. नेटफ्लिक्सचेच पाहा. ऑगस्ट २००८ मध्ये डेटाबेस बिघडल्यामुळे कंपनीला तीन दिवस डीव्हीडी पाठवता आल्या नाहीत. मग सगळे क्लाउडवर नेऊन सुट्या सेवांत मांडायला तिला जानेवारी २०१६ उजाडला. ज्याच्या घरी संवाद साधायला दुसरा अभियंताच नाही, त्याने ही रचना उचलली तर तो स्वतःशीच नेटवर्कवरून बोलत बसतो. तरीही हे सर्रास केले जाते. त्यामागे गरजेपेक्षा बायोडेटा सजवण्याची हौस अधिक असावी, असे प्रस्तुत लेखकाचे मत.

कोडचे भाग नीट वेगळे ठेवायला नेटवर्क लागत नाही. डेव्हिड पार्नस यांनी मॉड्यूल कसे पाडावेत याचे निकष १९७२ मध्येच सांगितले, आणि ते एका प्रोग्रॅमच्या आतही पाळता येतात. टोबियास लुट्के यांनी स्नोबोर्ड विकण्यासाठी रेल्समध्ये स्वतः लिहिलेल्या दुकानातून शॉपिफाय ही ऑनलाइन दुकाने उभारून देणारी कंपनी उभी राहिली. हजारो अभियंते झाल्यावरही त्या कंपनीने मुख्य मोनोलिथ मोडला नाही, त्याच्या आत भिंती घातल्या. ॲमेझॉन प्राइम व्हिडिओचे २०२३ मधले उदाहरण नेहमी दिले जाते. सुट्या तुकड्यांची यंत्रणा एका प्रोग्रॅममध्ये आणल्यावर खर्च नव्वद टक्क्यांहून अधिक घटला. पण ती यंत्रणा फक्त चित्रफितींचा दर्जा तपासणारी होती. अख्खे प्राइम व्हिडिओ मोनोलिथ झाले, असे जे सांगितले जाते ते खरे नाही.

काही उदाहरणे : पिनबोर्ड ही वेब पत्ते जपून ठेवण्याची सेवा मॅचेय त्सेग्वोव्स्की यांनी २००९ मध्ये सुरू केली. आरंभी एक सहकारी सोबत होता, पुढे ती एकट्याने चालली. पाने पीएचपीत, मागची कामे पर्ल भाषेत, माहिती मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये. तेव्हाही यात नवे काही नव्हते. पैशाचा हिशेब मात्र वेगळा होता. सदस्य होताना एकदाच फी, आणि प्रत्येक नव्या सदस्यागणिक पुढच्याची फी किंचित वाढायची. त्याच क्षेत्रातली डेलिशस ही बडी सेवा याहूने २००५ मध्ये विकत घेतली होती. डिसेंबर २०१० मध्ये याहू ती गुंडाळणार अशी बातमी फुटली आणि तिथल्या लोकांचा लोंढा पिनबोर्डकडे वळला. पुढे डेलिशस हातोहात फिरत राहिली. अखेर २०१७ मध्ये पिनबोर्डनेच ती ३५ हजार डॉलरला विकत घेतली.

प्लेंटी ऑफ फिश हे जोडीदार शोधण्याचे संकेतस्थळ मार्कस फ्रिंड यांनी २००३ मध्ये कॅनडातल्या व्हँकूव्हरमध्ये लिहिले. निमित्त होते एएसपी डॉट नेट हे मायक्रोसॉफ्टचे फ्रेमवर्क शिकण्याचे. पुढची काही वर्षे, देशातल्या अव्वल संकेतस्थळांत गणना होईपर्यंत, ते बव्हंशी त्यांनी एकट्यानेच सांभाळले. २०१५ मध्ये मॅच ग्रुपने ते ५७.५ कोटी डॉलरला घेतले. त्याचे रूप बरीच वर्षे ओबडधोबड होते आणि त्यावाचून कुणाचे अडलेही नाही.

लीचेस हे बुद्धिबळाचे मोफत संकेतस्थळ फ्रान्सच्या तिबो द्युप्लेसी यांनी २०१० मध्ये सुरू केले. आज ते देणग्यांवर चालणाऱ्या संस्थेकडे असले तरी मुख्य प्रोग्रॅम अजून स्काला भाषेतला मोनोलिथच आहे. त्यातून काय काय वेगळे काढले गेले ते पाहण्यासारखे आहे. चाली क्षणात पोचवणारा, हजारो जोडण्या सतत उघड्या ठेवणारा भाग स्वतंत्र झाला. डावांचे संगणकीय विश्लेषण तर स्वयंसेवकांच्या घरच्या संगणकांवर चालते, कारण त्याला लागणारी गणनशक्ती बाकी साऱ्या कामाहून कितीतरी जास्त. ज्या भागाची भूक खरोखर निराळी, तेवढाच बाहेर गेला.

क्षमता आणि देखभाल : दिवसाला दहा लाख विनंत्या हा आकडा ऐकायला मोठा वाटतो. दिवसात ८६,४०० सेकंद असतात, म्हणजे सरासरी सेकंदाला बारा विनंत्याही होत नाहीत. गर्दीच्या वेळी त्याच्या पाचपट धरल्या तरी साठ. साध्या पानांचा एवढा भार एक मध्यम सर्व्हर पेलतो. धाप लागते ती इतर कारणांनी. कधी टेबलाला इंडेक्स (चटकन शोधण्याची सूची) नसतो, तर कधी यादीतल्या प्रत्येक नावासाठी डेटाबेसकडे वेगळी क्वेरी, म्हणजे विचारणा, जात असते. वेळखाऊ कामे विनंतीतून बाजूला काढून डेटाबेसमधल्याच एका टेबलात रांगेला लावली आणि क्रॉनने (ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या प्रोग्रॅमने) किंवा मागच्या प्रोसेसने उचलली, की पाने हलकी होतात. त्याहून लहान कामाला एसक्यूलाइट पुरते. त्यात सारा डेटाबेस एका फाइलमध्ये मावतो. एका वेळी एकच लेखन, ही त्याची मर्यादा.

बॅकअप हा मात्र कुचराई न चालणारा विषय आहे. रोजची प्रत त्याच सर्व्हरवर ठेवणे म्हणजे न ठेवण्यासारखेच. ती दुसऱ्या कंपनीच्या जागेत जायला हवी, आणि तिच्यातून डेटाबेस पुन्हा उभा राहतो का, हे अधूनमधून करून पाहायला हवे. ही दुसरी पायरी जवळजवळ सगळेच टाळतात.

मराठीत : मायबोली (स्थापना १९९६), मनोगत, मिसळपाव ही संकेतस्थळे पूर्णतः एकहाती नव्हेत, पण ती मोजक्या माणसांनी सांभाळली आणि तिन्हींनी ड्रुपल वापरले. ड्रुपल हा पीएचपी आणि मायएसक्यूएलवरचा तयार मोनोलिथ. पानांच्या पत्त्यातला ‘नोड’ हा शब्द त्याचीच खूण. देवनागरी टंकनाची सोय त्यालाच जोडली गेली. जुन्या मायएसक्यूएलवर मराठी स्थळ चालवणाऱ्याला एक खोडी ठाऊक असते. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे आणि त्या डेटाबेसची ‘यूटीएफ८’ म्हणवणारी व्यवस्था तीन बाइटपर्यंतच पाहणारी. त्यामुळे मराठी मजकूर बिनतक्रार साठतो. मोबाइलवरून कुणी इमोजी टाकला की तो चार बाइटचा निघतो आणि सेटिंगनुसार नोंद नाकारली जाते किंवा इमोजीपासून पुढचा मजकूर गायब होतो. चार बाइटची व्यवस्था मायएसक्यूएलमध्ये २०१० पासून आहे, पण जुनी टेबले आपोआप बदलत नाहीत.

मर्यादा : शिस्त नसेल तर मोनोलिथचा गुंता होतो, कुठेही हात लावला तरी भलतेच काही बिघडते. एका भागाने मेमरी खाल्ली तर सगळेच बंद पडते. रात्री सर्व्हर झोपला तर उठवायला एकच माणूस. तो आजारी पडला, कंटाळला किंवा वारला, तर डोमेनचे नूतनीकरण, पासवर्ड, सदस्यांची माहिती यांचे काय, याचे उत्तर रचनेत नसते. काही जण सदस्यांना आपली सारी माहिती केव्हाही उतरवून घेऊ देतात. पिनबोर्डमध्ये ती सोय आहे. लीचेसने पूर्ण कोड एजीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली खुला ठेवला असून खेळल्या गेलेल्या मानांकित डावांचा संग्रहही दर महिन्याला उतरवून घेता येतो.