टपावरच्या कॅरिअरखालचा गंज

आमची गाडी रत्नागिरीत उघड्यावरच उभी असते, समुद्र जवळ. आंब्याच्या दिवसांत पेट्या न्यायच्या असल्यामुळे टपावर कॅरिअर बसवलेलं आहे. यंदा पावसाआधी ते उतरवलं आणि एका पायाखालचं रबरी पॅड उचललं. अंगठ्याएवढ्या जागेत रंग फुगून वर आला होता, नखाने पापुद्रा सुटत होता. बोल्टच्या आट्यांत ओलसर तपकिरी भुकटी. वीतभर अंतरावरचा उघडा टप मात्र स्वच्छ. पाऊस तर सगळ्या टपावर सारखाच पडतो, मग पत्रा झाकलेल्या जागीच का खाल्ला गेला?

गंज चढतो तेव्हा पत्र्यावर एक छोटी बॅटरी चालू असते. एका जागी लोखंडाचा अणू इलेक्ट्रॉन मागे सोडून पाण्यात उतरतो. ते इलेक्ट्रॉन पत्र्यातूनच दुसऱ्या जागी जातात आणि तिथे पाणी व ऑक्सिजन त्यांना घेतात. केंब्रिजच्या यू. आर. इव्हान्स यांनी 1920च्या दशकात पोलादावर खाऱ्या पाण्याचा थेंब ठेवून हे दाखवलं. थेंबाच्या कडेला हवा सहज पोचते, मध्यभागी कमी पोचते. झीज होते ती मध्यभागी. जिथे ऑक्सिजन कमी तिथलं लोखंड विरघळतं, आणि शेजारची हवेशीर जागा त्याला विरघळायला लावते.

पॅडखालची फट म्हणजे त्या थेंबाचा मध्यच. पाणी आत शिरतं, हवा खेळत नाही. विरघळलेल्या लोखंडाच्या ओढीने क्लोराइड आत खेचलं जातं, आतलं पाणी आम्ल होत जातं आणि झिजेचा वेग वाढतो. कोकणात याला मिठाची साथ. नुसतं मीठ हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की आपोआप पाझरतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि ते साधारण 33 टक्क्यांनाच ओलं होतं. म्हणजे पाऊस थांबला तरी पॅडखालची जागा सहजासहजी पूर्ण वाळत नाही. त्यात गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून तो रंगाला आतून उचलतो आणि पुढच्या पाण्याला वाट करून देतो.

अशा वेळी बहुतेक जण वरून सिलिकॉन भरतात. मीही आधी तेच केलं होतं आणि ते चुकलंच. मीठ आणि ओल आत कोंडली गेली. शिवाय व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सुकताना ॲसिटिक आम्ल सोडतं, ते उघड्या पोलादाला मुळीच सोसत नाही. दुसरी चूक स्टेनलेस बोल्टची. बोल्ट चकाकत राहतो, पण भोकाच्या काठावर रंग खरवडून पोलादाची जी बारीक कड उघडी पडते, तिला त्याच्या वाटची झीजही सोसावी लागते. त्यापेक्षा जस्ताचा मुलामा असलेला बोल्ट बरा, कारण जस्त लोखंडाच्या आधी झिजतं. 1824 साली हंफ्री डेव्ही यांनी जहाजांच्या तळाचं तांबं वाचवायला जस्त आणि लोखंडाचे तुकडे जोडायला सांगितले, ते याच तत्त्वावर.

आता दुरुस्ती. पहिलं काम गोड्या पाण्याने ती जागा पुन्हा पुन्हा धुण्याचं. मीठ राहिलं तर प्रायमरखाली बॅटरी परत सुरू होते. धुतलेलं पूर्ण वाळू द्यायचं, मग तारेचा ब्रश आणि पॉलिश पेपर, चांगला रंग सुरू होईपर्यंत. पत्रा चमकला तरी बारीक खड्ड्यांत काळसर ठिपके उरतात. त्यांच्यासाठी बाजारात मिळणारा रस्ट कन्व्हर्टर लावायचा. त्यात फॉस्फोरिक किंवा टॅनिक आम्ल असतं. टॅनिक आम्लाचं काम आपल्या स्वयंपाकघरात रोज दिसतं: लोखंडी विळीवर कच्ची केळी चिरली की पातं काळंनिळं होतं. हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा एक क्षार) यांची जुनी शाईही त्याच संयुगाची. गंजाचं तसंच काळं, घट्ट आवरण बनतं. मात्र सैल पापुद्र्यांवर ते लावून उपयोग नाही, पापुद्र्यासकट निघून येतं.

त्यावर इपॉक्सी प्रायमर, रंग, भोकाच्या काठालाही दोन्हींचा हात, आणि बोल्टभोवती आम्ल न सोडणारं सीलंट. टपाच्या पोकळ पट्टीत नटाच्या मागच्या बाजूला मेणाचा फवारा जरूर मारावा, पाणी तिथेच साठतं.

स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबून पाहा. पत्रा दबला किंवा टोक आरपार गेलं, तर वरची कुठलीच मलमपट्टी पुरत नाही. गाडी जोरात ब्रेक मारते तेव्हा 50 किलोच्या ओझ्याचा पुढे जाणारा सगळा जोर याच चार-सहा बोल्टांवर येतो, आणि वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा रेटा चौपट होतो. असा पत्रा कापून नवा जोडावा लागतो. पण वेल्डिंगची ठिणगी पडण्याआधी मेकॅनिकला एक गोष्ट आवर्जून विचारा: बऱ्याच गाड्यांत टपाच्या याच कडेला, आतल्या अस्तरामागे, पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग घडी घालून ठेवलेली असते. तुमच्या गाडीत ती आहे का, आणि काढली का?